अभिमानाची साक्ष

दहावीचा निकाल लागला की आठवड्याभरात गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स झळकतो. मुलीचा पासपोर्ट फोटो मोठा करून लावलेला, टक्केवारी लाल ठळक अक्षरांत, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून काका, मामा आणि मित्रमंडळ. त्या आनंदाला नाव ठेवावं असं मला कधीच वाटलेलं नाही. पेढे वाटावेत, फ्लेक्सही लावावा. पण तो फ्लेक्स जे सांगतो ते गुणपत्रिकेने आधीच सांगितलेलं असतं. परीक्षेच्या धामधुमीतही ती धाकट्या भावाची गणितं सोडवून घेत होती का, मैत्रिणीला कमी गुण पडल्यावर तिच्याशी कशी वागली, हे बोर्डाला कळत नाही, घराला कळतं. यश जगजाहीर होतं, स्वभावाची ग्वाही मात्र घरच देऊ शकतं. म्हणून आपल्या माणसाचा अभिमान वाटणं ही मला एक प्रकारची साक्ष वाटते. आणि साक्ष म्हटली की ती खरी असावी लागते, त्या माणसाचे दोष आणि त्याच्या मोठेपणाची घराने मोजलेली किंमत धरून.

मराठीत अशा साक्षीची भक्कम परंपरा आहे, आणि ती मुख्यतः बायकांनी उभी केली आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक तोवर कवी म्हणून सर्वमान्य झाले होते. त्यांची थोरवी नव्याने सांगण्याची गरज नव्हती. लक्ष्मीबाईंनी सांगितला तो घरातला माणूस: शीघ्रकोपी, न सांगता घराबाहेर पडणारा, हाती पैसा न टिकणारा आणि समोर कुणी अडलेला दिसला की होतं-नव्हतं देऊन मोकळा होणारा. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा हा निर्णय घेताना बायकोला विश्वासात घेतलं नव्हतं. त्यानंतरची ताटातूट, तिचं उद्ध्वस्त होणं आणि १९०० मध्ये तिने स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेणं, यातलं काही त्या झाकत नाहीत. तरी पुस्तक मिटताना टिळकांची उंची कमी झालेली नसते. त्यांची उदारता आपल्याला पटते, कारण तिच्यापायी घरची चूल कशी अडली हेही त्याच बाईने सांगितलेलं असतं.

बाया कर्वे यांचं ‘माझे पुराण’ हा दुसरा पुरावा. १८९३ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी, म्हणजे याच बायांशी, पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या गावकीने त्यांना वाळीत टाकलं. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी कर्वे चिखल तुडवत पायी जात, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. बाया त्याच गोष्टीची घरातली बाजू सांगतात. पैसा संस्थेकडे वाहत असताना मुलाबाळांचं काय, असा रोकडा प्रश्न या बाईला पडत होता आणि तो ती नवऱ्याला विचारत होती. या तक्रारीने महर्षींचं चरित्र डागाळतं का? मला उलट वाटतं. त्याग केवळ भाषणापुरता नव्हता, तो घरच्या डब्यापर्यंत पोचला होता, याचा याहून चांगला दाखला दुसरा कुणी देऊ शकला नसता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दुसऱ्याच्या कर्तृत्वावर आपण का मिरवायचं? हा नुसता उसना मोठेपणा. फक्त आडनाव सांगून छाती फुगवणाऱ्यांना हा आक्षेप चपखल लागू पडतो. पण मिरवणं आणि अभिमान यांतला फरक ओळखायला एक सोपी खूण आहे: त्या माणसाच्या कामासाठी आपण काय करायला तयार आहोत? टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या निधनाने अपुरं राहिलं. ज्यांना अक्षरओळखही लग्नानंतर नवऱ्याकडून झाली, त्या लक्ष्मीबाईंनी ते महाकाव्य पुरं करायला घेतलं आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः लिहिला. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी १९१० मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या, पण तेवढ्यावर न थांबता पुण्याच्या सेवासदनाच्या कामाला आयुष्य वाहिलं. याला उसना मोठेपणा म्हणता येणार नाही. हे वारसा म्हणून घेतलेलं ओझं आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या बायकांना नवऱ्याचा अभिमान वाटणं हा त्या काळचा संस्कारच होता. तिथे साक्ष कसली, ती तर शिकवण! रमाबाईंच्या लेखनातल्या भक्तिभावाकडे पाहिलं की या म्हणण्यात तथ्य दिसतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दबलेलं माणूस पूज्य व्यक्तीला हसत नाही, आणि लक्ष्मीबाई टिळकांना पानोपानी हसतात. शिवाय काळ बदलल्यावरही हीच गोष्ट दिसते. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा त्यांचे पती, लेखक पु. ल. देशपांडे हयात होते आणि अवघ्या महाराष्ट्राच्या गळ्यातले ताईत होते. नवऱ्यातला आत्ममग्न, घरच्या कामात हात न घालणारा माणूस त्यांनी लिहिला म्हणून अनेक वाचक दुखावले. परंतु पुलंच्या लेखनाची आणि त्यांच्या प्रतिष्ठानाच्या दानांची काटेकोर राखण आयुष्यभर केली ती त्यांनीच. दुखावलेल्या चाहत्यांना देव हवा होता. सुनीताबाईंना माणूस माहीत होता, आणि तोच जपण्याजोगा वाटला.

म्हणून कौतुक करताना आपण विशेषणांची उधळण थांबवावी, असं मला वाटतं. ‘आमचे बाबा म्हणजे देवमाणूस’ या वाक्यात बाबा कुठेच नसतात. त्यांनी पतपेढीत कुणाला जामीन राहून हप्ते भरले, त्यावरून आईशी किती दिवस धुसफूस चालली, आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा सही केली, एवढं सांगितलं की बाबा उभे राहतात; भोळेपणासकट आणि शब्द पाळण्याच्या हट्टासकट. असा अभिमान सांगणाऱ्यालाही बांधून घालतो. बापाच्या सचोटीची ग्वाही देणाऱ्याला स्वतःच्या व्यवहारात हात आखडता घेता येत नाही. ऐकणारे लगेच ताळा करून बघतात. नुसत्या यशाच्या कौतुकात ही जोखीम नसते, म्हणून ते स्वस्त पडतं. स्वभावाच्या अभिमानाची किंमत स्वतः वागून चुकवावी लागते.