येलदरीत आला समुद्र

येलदरी म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? पूर्णा नदीवरचं धरण, तिथलं वीजघर आणि जाळ्यात येणारे रोहू-कटला. सगळा कारभार गोड्या पाण्याचा! समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी आमच्या बैठकीच्या खोलीत सध्या दोनशे लिटर समुद्र नांदतो आहे, असं सांगितलं तर पटेल तुम्हाला?

झालं असं, की परभणीतल्या एका परिचितांची बदली झाली. त्यांच्याकडे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय होतं. काचेची पेटी, पंप, दिवा, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश. "पेटी स्वस्तात देतो, पण मासेही तुम्हीच सांभाळायचे," ही त्यांची अट. म्हणजे सामानाबरोबर दोन जिवांची जबाबदारी आली.

आता ओळखा, या सगळ्यात सर्वांत मोलाचं काय? माझी सातवीतली मुलगी म्हणाली, "काच." चौथीतला मुलगा म्हणाला, "मासे." खरं उत्तर डोळ्यांना दिसतच नव्हतं. ते होते दगडांच्या छिद्रांत राहणारे जीवाणू!

माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या घाणीतून पाण्यात अमोनिया उतरतो. तो माशांना विषासारखा. एका प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही घातकच. मग दुसऱ्या प्रकारचे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे बरंच सौम्य, अधूनमधून थोडं पाणी बदललं की निघून जातं. नव्या पेटीत जीवाणूंची ही वस्ती बसायला चांगला महिनाभर तरी लागतो. जुन्या पेटीत ती तयारच मिळते. पण दगड वाळले, की वस्ती संपली!

म्हणून आम्ही आधी कागदावर क्रम लिहिला. एप्रिल महिना, परभणीचं ऊन. तेव्हा निघायचं पहाटेच. पेटीतलं शंभर लिटर पाणी पाच जारांत आणि झाकणाच्या दोन बादल्यांत भरलं. बादल्यांतल्या पाण्यात दगड पूर्ण बुडवले. मासे वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीत पाणी थोडं आणि हवा जास्त. तळाची वाळू मात्र धुऊन घेतली, कारण ती ढवळली की साठलेली घाण वर येते. पेटी उचलली ती अगदी रिकामी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा भरलेली पेटी म्हणजे दोन क्विंटल! तेवढ्या वजनाने काचेचे सांधे उकलतात. टेम्पो जिंतूरमार्गे हळूहळू येलदरीला आला.

इथे उरलेलं शंभर लिटर पाणी आदल्या दिवशीच तयार होतं. त्यासाठी फिल्टरच्या पाण्याचे पाच जार आणले, तेव्हा आजी म्हणाली, "अरे, अख्खं धरण उशाला अन् तू पाणी विकत आणतोस?" पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जीवाणूंना मारक असतं. लिटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास समुद्री मीठ त्यात विरघळवलं. घरातलं मीठ का नाही? समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम यांचेही क्षार असतात, म्हणून! १८५४ साली फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने असे निरनिराळे क्षार मिसळून कृत्रिम समुद्राचं पाणी बनवण्याची कृती प्रसिद्ध केली होती. त्यामुळे किनाऱ्यापासून दूरच्या माणसांनाही समुद्री जीव पाळण्याची वाट मिळाली. आमचा हायड्रोमीटर १.०२५ वर थांबला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या.

पेटीखाली थर्माकोल घातलं, आधी दगड रचले, मग पाणी ओतलं. माशांच्या पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि पेटीतलं पाणी त्यांत थोडं थोडं मिसळत तासाभराने मासे सोडले.

आणि रात्री नऊला वीज गेली. वीजघराच्या गावात अंधार! पंप बंद. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, खाऱ्या पाण्यात आणखी कमी. मासे वर येऊन तोंड उघडू लागले. बॅटरीवरचा हवेचा पंप जोडला, बर्फ झालेल्या बंद बाटल्या पाण्यात सोडल्या. पहिली पाळी मुलीची, दुसरी माझी. आजीसुद्धा जपमाळ घेऊन पेटीपाशी बसली. पहाटे वीज आली तेव्हा दोन्ही मासे दगडाआड संथ पोहत होते.

मग रोज सकाळी अमोनियाची चाचणी. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवट झालं तर अमोनिया आहे. दुसऱ्या दिवशी फिकट हिरवं आलं. थोडं पाणी बदललं, खाणं कमी केलं. सहाव्या दिवशी स्वच्छ पिवळं! न दिसणारी वस्ती प्रवासातून वाचली होती.

धरणात जाळं टाकणारे एक मामा पाहायला आले. म्हणाले, "आमचा रोहू यात टाकला तर?" जगणार नाही, मामा! खारं पाणी माशाच्या अंगातलं पाणी ओढून घेतं. समुद्रातला मासा म्हणून सतत पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. रोहूला ती सोय नाही. तसंच आमचे क्लाऊनफिश धरणात जगणार नाहीत. पाळलेला मासा जड झाला म्हणून नदीत सोडायचा नसतो, बरं का!

आणखी एक. पेटीत शोभतील म्हणून समुद्रातली प्रवाळं कधी आणू नका. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिलं आहे.

तुम्हालाही कुणाचं जुनं मत्स्यालय मिळत असेल, तर काच तपासाच. पण घरच्यांना आधी एक प्रश्न विचारा: वीज गेली, सुट्टीत गावाला जायचं ठरलं, तर पाळी कोणाची? त्याचं उत्तर ठरलं, की मग टेम्पो सांगा.