वर्धेपलीकडचा माणिकगड : दुचाकीवरून ओलांडलेली विसरलेली सरहद्द

१/ बल्लारपुरातून आडवाटेने निघायचे, तर पहिला सामना कोळशाच्या धुळीशी. आदल्या रात्री आम्ही मित्र दुचाक्यांचे एअर फिल्टर साफ करतो, साखळीला तेल देतो, क्लचची जादा केबल आणि पंक्चरचे सामान बांधतो. रानात गॅरेज नसते.

२/ आरंभ वर्धेकाठच्या गोंडकालीन किल्ल्यापासून. खांडक्या बल्लाळशहाने राजधानी येथून चंद्रपुरास नेली, अशी परंपरा आहे.

३/ पूल ओलांडला की राजुरा. आज ही दोन मिनिटांची वाट. ब्रिटिश अमदानीत मात्र नदी हीच सरहद्द होती. अलीकडे मध्य प्रांत, पलीकडे निजामाचे हैदराबाद. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला. प्रथम नांदेड, मग १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यात.

४/ गडचांदूरपुढे डोंगर चढू लागतो. सुट्या मुरुमावर आम्ही चाकांतील हवा थोडी उतरवतो. रबर जमिनीला अधिक टेकते, घसरण कमी होते. डांबरावर परतताच हवा पुन्हा भरायची, अन्यथा टायर तापतो.

५/ माणिकगड नागवंशी माना राजांचा मानला जातो. गाड्या पायथ्याशी ठेवून आम्ही चालतच वर जातो. जुन्या चिऱ्यांना चाकांचे हादरे सोसवत नाहीत.

६/ १९४८ साली दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीजवळ आहेत. चिरे थांबतील, आठवणी थांबणार नाहीत. राजुऱ्यात कुणी आजोबा भेटले, तर इंजिन बंद करा आणि नदीपलीकडच्या राज्याविषयी विचारा.