भिंगातले जाळे

जुन्या वस्तूंचे मला वेड नाही. निदान घरी मी तसे सांगतो. परंतु गेल्या आषाढात मुंबईच्या चोरबाजारात एक पेंटॅक्स के-१००० माझ्याकडे टक लावून पाहू लागला आणि माझा निश्चय डळमळला.

१९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षे हा कॅमेरा निघत होता. त्यात ऐट मुळीच नाही. सारे काम चाके आणि स्प्रिंगांवर चालते. इवलीशी बॅटरी असते, ती केवळ प्रकाश मोजणाऱ्या काट्यापुरती. ती संपली तरी शटर आपले उघडतेच!

"साहेब, एकदम चालू है," दुकानदार म्हणाला.

पण मी काही फसणारे गिऱ्हाईक नव्हतो. मागचे दार उघडून मी कॅमेरा उजेडाकडे धरला. १/१००० सेकंदापासून पुऱ्या एका सेकंदापर्यंत प्रत्येक वेग वाजवून पाहिला. वंगण सुकले की आधी सावकाश वेगच अडखळतात. हा अडखळला नाही. दाराच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकटला होता. तो बदलता येतो. शेवटी भिंग काढून विजेरीच्या उजेडात न्याहाळले. आपल्या पावसाळी हवेत भिंगात बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. कडेला एकच बारीक तंतू होता. त्या तंतूला धरून मी किंमत चांगलीच खाली ओढली.

घरी येऊन विजयी मुद्रेने कॅमेरा हिच्या हाती दिला. आत आरसा असतो, त्यामुळे भिंगाला दिसते तेच आपल्याला दिसते, हेही समजावले. तिने डोळा लावला.

"सगळं धुरकट आहे हो."

"अशक्य! भिंग मी स्वतः तपासलंय."

"मग माझंच तपासायचं राहिलं असेल," ती शांतपणे म्हणाली. "गेल्या दिवाळीत म्हटलं नव्हतं का, पणत्यांभोवती वलयं दिसतात म्हणून?"

म्हटले होते खरे. आणि मी म्हणालो होतो, "तेल बदल!"

परक्या कॅमेऱ्यातला केसाएवढा तंतू मला दिसला. पस्तीस वर्षे माझ्याकडे पाहणाऱ्या डोळ्यांतले मोतीबिंदू दिसले नाहीत.

श्रावणात एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, भाद्रपदात दुसऱ्या. छत्तीस फोटोंचा रोल मी अजून भरलेला नाही. यंदा पहिली पणती लागेल तेव्हा कॅमेरा तिच्या हाती असेल आणि समोर मी. इतक्या दिवसांनी ती मला स्वच्छ पाहणार आहे. खरे सांगू? थोडी धास्तीच वाटते!