जादूगाराची काठिण्य पातळी

'स्कायरिम' या खेळातला जादूगार आधी भिकारी असतो आणि नंतर एकदम नवाब. मधला माणूस तो कधी होतच नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणलेला हा संगणकावरचा खेळ. बर्फाळ मुलूख, ड्रॅगन, गुहा, जुनी थडगी. त्यात आपण तलवारबाज व्हायचं, तिरंदाज व्हायचं, चोर व्हायचं किंवा जादूगार. जादूगाराजवळ 'मॅजिका' नावाचा साठा असतो. प्रत्येक मंत्राला त्यातून काही खर्च होतं आणि साठा आटला की थोडा वेळ हात रिकामे. इथवर हिशेब सरळ आहे.

बिघडतो तो पुढे. 'फायरबोल्ट' हा सुरुवातीचा मंत्र घ्या. नुकसान २५, मूळ खर्च ४१. कौशल्य वाढत १०० पर्यंत गेलं तरी खर्च तेवढा घटतो, नुकसान मात्र २५ चं २५. कौशल्याच्या झाडावरचे दोन पर्क घेतले तर दीडपट होतं, आणि तिथं गाडी थांबते. वरच्या दर्जाचा 'इन्सिनरेट' ६० नुकसान करतो, पण त्याचा मूळ खर्च २९८. इकडे शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर दणकट होत जातात. तलवारवाला लोहाराच्या सहाणेवर पातं लावून घेतो. जादूगाराला ती सहाण नाही. त्यामुळे खेळाच्या मध्यावर हा गरीब चार मंत्र फेकतो, खांबाआड पळतो, साठा भरायची वाट बघतो, पुन्हा चार मंत्र फेकतो.

मग एक दिवस तो वस्तूंवर मंत्र चढवण्याची कला पुरी शिकतो. डोक्यावरचा मुकुट, अंगावरचा झगा, बोटातली अंगठी, गळ्यातली साखळी, या चारही वस्तूंवर खर्च २५ टक्क्यांनी कमी करणारा मंत्र चढतो. चार पंचवीस शंभर. संहाराची सगळी जादू फुकट! त्यात 'इम्पॅक्ट' नावाचा पर्क घेतलेला असला की दोन्ही हातांनी एकत्र फेकलेला प्रत्येक गोळा समोरच्याचा तोल घालवतो. ड्रॅगनसुद्धा झोकांड्या खात राहतो. बटण दाबत राहायचं आणि चहा पीत राहायचा.

माझा भाचा इंदापूरला असतो. यंदा बारावी, सायन्स. वडील सौदीत, घरी माझी आपा आणि तो. मी बारामतीत उर्दू आणि मराठी शिकवतो. एक रविवार सोडून एसटीनं काटेवाडी, सणसर, भवानीनगर, निमगाव केतकी असं करत इंदापूर गाठतो. मागच्या पावसाळ्यात आपाचा फोन आला. पोरगा बोलत नाही, जेवायला उठत नाही, तुम्ही एकदा बसा त्याच्याजवळ. मी जाऊन बसलो. कॉलेज, सीईटी, अब्बांचा फोन, सगळ्याला उत्तर एकच, "हाँ मामू." शेवटी मी पडद्याकडे बघून विचारलं, हा म्हातारा कोण? तेव्हा तो बोलायला लागला. नवाब अवस्थेतला जादूगार होता तो, आणि वर कन्सोल उघडून 'टीजीएम' ही तीन अक्षरंही लिहिलेली. त्या तीन अक्षरांनी माणूस मरत नाही आणि मॅजिका संपत नाही. "सब मर जाते मामू," तो म्हणाला, "पर मजा नै आ रा."

हे वाक्य मला बी.एड.च्या वर्गात घेऊन गेलं. आम्हाला चाचणी तयार करायला शिकवताना संविधान तक्ता करायला लावायचे: किती प्रश्न सोपे, किती मध्यम, किती कठीण. मग येते काठिण्य पातळी आणि तिच्याबरोबर भेदनक्षमता. जो प्रश्न सगळ्यांना येतो आणि जो एकालाही येत नाही, ते दोन्ही मुलाबद्दल काहीच सांगत नाहीत. कागदावर एकाला सोपा म्हणतात, दुसऱ्याला कठीण, पण परीक्षकाच्या दृष्टीनं दोघं सारखेच मुके. भाच्याचा जादूगार आधी दुसऱ्या प्रकारचा प्रश्न होता, मग पहिल्या प्रकारचा झाला.

खेळात काठिण्य वाढवायची सोय आहे, तीच का वापरू नये? वापरून बघा. 'लेजंडरी' लावलं की तुमचा मार पाव होतो आणि तुम्हाला लागणारा मार तिप्पट. पण तुम्ही बोलावलेले आगीचे-बर्फाचे पुतळे आणि सोबती यांच्या माराला ही कात्री लागत नाही. म्हणजे प्रत्येक शहाणा जादूगार निमूटपणे पुतळे बोलावणारा होतो आणि स्वतः दगडाआड बसतो. याला मी कठीण म्हणत नाही. प्रश्न तोच ठेवून गुण कापणं म्हणतो.

म्हणून मॉड. मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनीच खेळात केलेली दुरुस्ती. तयार पॅन्ट शिंप्याकडून कंबरेत आवळून घ्यावी तशी. बेथेस्डानं २०१२ मध्ये त्यासाठीचं साधन लोकांना दिलं आणि तेव्हापासून जगभरच्या हौशी मंडळींनी या खेळाला इतकी ठिगळं, झालरी आणि खिसे लावलेत की मूळ कापड शोधावं लागतं. बहुतेक सगळं फुकट. २०१५ च्या एप्रिलमध्ये स्टीम दुकानात मॉडचे पैसे घ्यायचा प्रयत्न झाला होता. लोक इतके खवळले की काही दिवसांतच तो गुंडाळावा लागला.

भाच्याची यादी तयार होती. ८४ मॉड. त्यात 'अपॉकॅलिप्स' होता, जो खेळात १५५ नवे मंत्र घालतो. 'ऑर्डिनेटर' होता, चारशेच्या वर पर्क देणारा. दोन्ही नावाजलेले, दोन्ही एकाच लेखकाचे, आणि कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. पण माझं म्हणणं असं होतं की भुकेचा प्रश्न ताटात पदार्थ वाढवून सुटतो, अजीर्णाचा कसा सुटेल? दीडशे मंत्रांतले पाच जरी एकमेकांत बेमालूम जमले तरी आपण पुन्हा नवाब.

मी 'मिस्टिसिझम' आणि त्याच लेखकाचा 'अ‍ॅडमंट' सुचवला. पहिला खेळातले मूळचे मंत्र नव्यानं तोलतो आणि त्याच घडणीचे काही नवे घालतो. दुसरा पर्कची झाडं बदलतो, पण ऑर्डिनेटरपेक्षा फार आटोपशीर. हा लेखक सायमन मॅगस या टोपणनावानं लिहितो. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या भागात सायमन नावाचा एक जादूगार आहे, जो पैसे देऊन दैवी शक्ती विकत मागतो आणि बोलणी खातो. तोल सांभाळणाऱ्यानं हे नाव घ्यावं याची मला गंमत वाटते.

नुसता जादूगार तोलून भागत नाही, समोरचाही तोलावा लागतो. त्यासाठी 'वाइल्डकॅट'. तो दोन्ही बाजूंचा मार वाढवतो. म्हणजे शत्रू लवकर पडतो आणि चुकलात तर तुम्हीही लवकर पडता, वर जखमा होतात त्या वेगळ्या. लेजंडरीच्या एकतर्फी कात्रीपेक्षा हा सौदा मला न्याय्य वाटतो. 'रेक्विएम' नावाचा एक कडक मॉड आहे, ज्यात जगाला तुमच्या लेव्हलशी देणंघेणंच नसतं. चुकीच्या गुहेत शिरलात तर मेलात. तो मला आवडतो. पण बारावीच्या वर्षाला आणखी एक रेक्विएम कशाला, म्हणून राहू दिला.

भांडणं झाली. "मामू, अपॉकॅलिप्स तो रख्खो ना." नको. "ऑर्डिनेटर और अ‍ॅडमंट दोनों?" तेही नको, कारण दोघं तीच झाडं बदलतात. दोन मॉड एकाच जागी हात घालतात तेव्हा यादीत जो मागून येतो त्याचं चालतं, आधीच्याचं पुसलं जातं. त्यामुळे दोघांचे गुण मिळत नाहीत, कुणा एकाची मोडतोड मिळते. यादीचा क्रम लावून देणारं 'लूट' नावाचं साधन आहे ते बरं, पण ते क्रम लावतं, अक्कल देत नाही. दुसरी गोष्ट, चालू खेळातून मधेच मॉड काढू नये. काढलेल्या मॉडचे धागे जतन केलेल्या फायलीत लोंबत राहतात आणि वीस तासांनी खेळ भलत्याच दारात कोसळतो. जे काय ठरवायचं ते सुरुवातीला, निकाहाआधी चौकशी करतात तसं.

अखेर ८४ चे ११ झाले. त्यात चुका निस्तरणारा 'अनऑफिशियल पॅच', इतर मॉडना लागणारा 'एसकेएसई' आणि सामानाची यादी सुधारणारा 'स्काय यूआय' धरून. बाकी दोन-तीन पाऊस आणि तारे सुंदर करणारे. ते त्याचे, मी आड आलो नाही.

चार वस्तूंच्या फुकट जादूचं काय? तो दाखला बदलणारे छोटे मॉड मिळतात. भाच्यानं ते घेतले नाहीत. म्हणाला, मी खर्च घटवणाऱ्या दोनच वस्तू घालीन, बास. आणि टीजीएम नाही. मी विचारलं, इथं कोण बघतंय? तो हसला. रोजात वजू करताना चूळ भरतो तेव्हा कोण बघत असतं, असं त्यानंच मला विचारलं. मी शिक्षक असून मला ते सुचलं नव्हतं.

आता काही वाचकांच्या मनातला प्रश्न. अम्मीनं तो पहिल्याच दिवशी विचारला होता: जादू का खेल, तौबा! सिहर हराम आहे यात वाद नाही, आणि सूरह बकराच्या १०२ व्या आयतीत हारूत-मारूत जे शिकवतात ते आधी बजावून शिकवतात, हेही मला ठाऊक आहे. पडद्यावरच्या सोंगाला तोच निवाडा लागतो का, हे सांगायला मी मुफ्ती नाही. उर्दूचा शिक्षक म्हणून एवढं सांगतो की १८८३ पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यानं 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड छापले आणि ते मुसलमान घरांत मिटक्या मारत वाचले गेले. त्यात जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब आहे. त्याची ताकद अफाट, पण त्याच्या तिलिस्मलाही मोडायची अट ठरलेली आणि ती सांगणारी लौह, म्हणजे पाटी, कुठंतरी दडलेली. ती अट नसती तर दास्तानगोला सांगायला उरलं काय असतं? आणि अफ्रासियाबाला जेरीस आणतो तो अम्र अय्यार, ज्याला जादू येतच नाही. त्याच्याकडे वेशांतर, अक्कल आणि एक झोळी.

भाच्यानं आपल्या आणखी दोन अटी घातल्या, मी न सांगता. मेलेल्यांना उठवणारे मंत्र घ्यायचे नाहीत: "मुर्दे को उठाना नको मामू, अजीब लगता." आणि डेड्रा नावाच्या सैतानी सरदारांची कामं करायची नाहीत. त्यामुळे बोलावण्याच्या शाखेतली बरीच मदत गेली आणि डेड्रांकडून मिळणारी जबरदस्त हत्यारंही. कुठल्याही मॉडपेक्षा तोल यानं जास्त सुधारला, असं माझं मत आहे.

आपा विचारते, अभ्यास? ठरलं ते असं की रोज एक तास, तोही सराव-पेपर सोडवल्यावर. पाळतो का? बहुतेक दिवस. आता फोनवर "हाँ मामू"च्या पुढे बोलणं जातं. आधी खेळाचं निघतं, मग फिजिक्सच्या सरांचं, आणि परवा पहिल्यांदा अब्बांचं. ते ईदला येणार होते, सुट्टी मिळाली नाही.

खेळात तो सध्या २३ व्या लेव्हलला आहे, लॅबिरिंथियनमध्ये. विद्यापीठाच्या कथेतलं हे जुनं भुयार. खाली मोरोकाइ नावाचा मुखवटेवाला पुरोहित आहे आणि आत चालताना त्याचा आवाज येतो. दरवेळी आवाज आला की जादूगाराची मॅजिका शोषली जाते. फुकट जादू करणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. दोन वस्तूंवाल्याला वाटतं.

काल रात्री साडेनऊला त्याचा मेसेज आला: मामू, मॅजिका खतम, औषधाची एकच बाटली उरलीय, समोर तीन ड्रॉगर. मी लिहिलं, मागच्या दारात जाऊन उभा राहा, तिथं एका वेळी एकच आत येऊ शकतो, आणि कमरेला तो खंजीर आहे ना? पाच मिनिटं काही आलं नाही. मग आलं: "दो गए. अब रुको, लाइट गई."