निळ्या गाड्यांचा धनी

मोटारशर्यतींच्या इतिहासाने आजवर दोनच प्रकारच्या माणसांना मानाचे पान वाढले आहे: ज्याने चक्र हाती धरून जीव पणाला लावला त्याला, आणि ज्याने यंत्र घडवून त्यावर आपले नाव कोरले त्याला. परंतु या दोघांच्या मधोमध एके काळी एक तिसरा पुरुष उभा असे. त्याचा स्वतःचा कारखाना नव्हता, त्याच्या नावाची गाडी बाजारात मिळत नव्हती, शर्यतीत तो स्वतः धावतही नव्हता. दुसऱ्याने घडविलेले यंत्र रोख पैसे मोजून विकत घ्यावे, आपल्या पदरच्या मिस्त्र्यांकडून ते उकलून पुन्हा जुळवावे, आपल्या विश्वासातला चालक त्यावर बसवावा आणि ज्याने ते विकले त्याच्याच पथकाला भर मैदानात मागे टाकावे, एवढाच त्याचा शिरस्ता. इंग्लंडातील रॉब वॉकर हा या परंपरेतला माझ्या मते सर्वांत थोर पुरुष. आणि जबलपूर जिल्ह्यातील या मझौलीत, विष्णुवराहाच्या प्राचीन देवळाच्या परिसरात राहणाऱ्या मला त्याचे चरित्र मुळीच परके वाटत नाही.

याचे कारण आमच्या मुलखाच्या कारागिरीत आहे. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची; तोफांचे गाडे करणे हे तिचे मूळ काम. पुढे 1959 पासून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने तेथे ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले, त्यांच्या पाठोपाठ जपानच्या निस्सान कंपनीच्या परवान्याने लष्करी गाड्या आणि ‘जोंगा’ आल्या, आणि 1969 मध्ये या कामासाठी स्वतंत्र व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. रचना परक्याची, मूळ नकाशे परक्याचे, पण प्रत्येक सांध्याला हात लागला तो या भागातल्या माणसांचा. आणि भोसल्यांच्या अमलापासून येथे राहिलेल्या किंवा पुढे रेल्वे, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी घरांतलीही कितीतरी माणसे त्यांत होती. असा एखादा सेवानिवृत्त फिटर आजही हातपंपाचा बोल्ट बसवताना पाहावा. तो प्रथम पान्याला हातच लावत नाही. बोटांनी आटे धरेपर्यंत बोल्ट हलकेच फिरवतो, किंचित मागे घेतो, पुन्हा फिरवतो, आणि तो सरळ गेल्याची बोटांची खात्री पटल्यावरच पाना उचलतो. दुसऱ्याने कल्पिलेल्या यंत्राला असा हात लावणे ही दुय्यम प्रतीची निर्मिती आहे असे जे मानतात, त्यांनी वॉकरच्या निळ्या गाड्यांचा इतिहास अवश्य वाचावा.

स्कॉटलंडमधील किल्मारनॉक गावी 1820 साली जॉन वॉकर नावाच्या मुलाने किराणा मालाचे दुकान थाटले आणि त्यातून पुढे जगप्रसिद्ध व्हिस्कीचा व्यवसाय वाढला. 1917 साली जन्मलेला रॉब हा त्याच घराण्याचा वारस. संपत्ती वडिलोपार्जित होती, परंतु मोटारींचे वेड त्याचे स्वतःचे होते. 1939 साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याने एका सहकाऱ्यासह आपली देलाहे गाडी आठव्या क्रमांकावर आणली, तीही बारीक रेघांचा सूट अंगात घालून. पुढे युद्ध आले, आरमाराच्या विमानदलात त्याने नोकरी केली, आणि शर्यतीत जीव धोक्यात घालणार नाही असा शब्द पत्नीला दिल्यावर तो त्याने पाळला. मग डॉर्किंग गावातील पिपब्रूक गॅरेजात स्वतःचे पथक उभे राहिले. इंग्लंडच्या गाड्या हिरव्या असाव्यात हा त्या काळचा संकेत. वॉकरने मात्र स्कॉटलंडचे रंग घेतले, गर्द निळा देह आणि नाकाडावर पांढरा पट्टा. शाहू महाराजांनी कोल्हापुरात अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला तेव्हा गाणे खाँसाहेबांचेच राहिले, महाराजांनी त्या गाण्याला निश्चिंतता दिली. वॉकरने आपल्या माणसांना जे दिले ते मला याच कुळातले वाटते.

या पथकाचा पहिला मोठा पराक्रम 19 जानेवारी 1958 रोजी अर्जेंटिनात घडला. इंधनाचे नियम नुकतेच बदलल्यामुळे इंग्लंडची कारखानदार पथके घरीच थांबली होती, आणि स्टर्लिंग मॉसला त्याच्या नेहमीच्या व्हॅनवॉल पथकाने मोकळीक दिली होती. वॉकरने त्याच्यासाठी आपली चिमुकली कूपर आणि दोन मिस्त्री समुद्रापार पाठवले. फेरारीची इंजिने सुमारे अडीच लिटरची, कूपरचे जेमतेम दोन लिटरचे, आणि तेही चालकाच्या पाठीमागे बसविलेले, जे पाहून पुष्कळांना हसू येई. शिवाय इतर गाड्यांची चाके मधल्या एकाच नटावर बसत आणि हातोड्याच्या दोन-चार ठोक्यांत निघत. कूपरची चाके चार-चार बोल्टांवर बसलेली, म्हणजे मध्येच टायर बदलायचे झाले तर शर्यत तेथेच संपली. तेव्हा पथकाने ठरवले की थांबायचेच नाही; पण प्रतिस्पर्ध्यांच्या नजरेसमोर मिस्त्री नवी चाके मांडून, जणू मॉस आता येणारच अशा तयारीने उभे राहिले. फेरारीचे लोक तो थांबेल म्हणून निर्धास्त राहिले. तो थांबला नाही. शेवटच्या फेऱ्यांत टायरांचे रबर झिजून आतले कापड दिसू लागले होते आणि मॉस तेलाने बुळबुळीत झालेले पट्टे शोधून त्यांवरून चाके नेत होता, जेणेकरून उरलेले रबर तरी वाचावे. लुइजी मुस्सोच्या फेरारीच्या 2.7 सेकंद आधी त्याने रेषा ओलांडली. मागे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतला हा पहिला विजय, आणि खासगी पथकाचाही पहिलाच. त्याच वर्षी मोनॅकोत मॉरिस त्रँतिन्याँने वॉकरच्याच कूपरमधून दुसरा विजय मिळवला, आणि तीन वर्षांच्या आत फेरारीसकट साऱ्यांनी इंजिन मागे नेले.

मॉस आणि वॉकर यांच्यात लेखी करार कधी झाला नाही. हातात हात दिला, काम झाले. आज चालकाच्या करारनाम्याच्या मसुद्यावर वकिलांच्या फौजा खपतात, तेव्हा त्या हस्तांदोलनाची किंमत अधिकच कळते. 1960 साली मोनॅकोत मॉसने वॉकरची लोटस जिंकवली, आणि लोटस या नावाला अजिंक्यपदाच्या मालिकेत मिळालेला तो पहिला जय. लोटसचा निर्माता कॉलिन चॅपमन याच्या स्वतःच्या पथकाला असा जय पुढच्या वर्षीच्या अखेरीपर्यंत लाभला नाही. ज्याने यंत्र घडवले त्याच्याआधी ते यंत्र ज्याने विकत घेतले त्याने त्याचे सामर्थ्य जगाला दाखवले, ही घटना मला त्या सर्व इतिहासात सर्वाधिक बोलकी वाटते.

आणि 14 मे 1961 चे मोनॅको. पथकाचा मुख्य मिस्त्री आल्फ फ्रान्सिस. जन्माने पोलिश, युद्धकाळात इंग्लंडात आलेला, हाताचा कुशल आणि स्वभावाचा कडक. गाड्या आरंभरेषेवर उभ्या असताना, शर्यतीला काही मिनिटेच उरली असताना, लोटसच्या सांगाड्याच्या एका नळीला तडा गेलेला मॉसला दिसला. गाडीत इंधन काठोकाठ भरलेले. फ्रान्सिसने झाळकामाचे साहित्य मागवले, इंधनाच्या टाक्यांभोवती ओली फडकी गुंडाळली आणि तेथेच, भरल्या गाडीवर, ज्योत पेटवून तो तडा सांधला. भोवतालची गर्दी तोपर्यंत बरीच दूर सरकली होती. एका ठिणगीचा प्रश्न होता. ज्याच्या हाताला आपल्या कामाची अशी खात्री असते आणि ज्याचा धनी अशा क्षणी मध्ये तोंड घालीत नाही, ती दोन्ही माणसे एकत्र येणे दुर्मीळ. त्या सांधलेल्या गाडीतून, फेरारीहून स्पष्टपणे दुबळ्या इंजिनाच्या बळावर, मॉस शंभर फेऱ्या धावला आणि रिची गिंथरच्या फेरारीपुढे 3.6 सेकंदांनी जिंकला. मॉसची ही आयुष्यातली सर्वोत्तम शर्यत असे जाणकार मानतात. मी तिला फ्रान्सिसचीही मानतो. त्याच उन्हाळ्यात जर्मनीतील न्यूरबर्गरिंगवर त्यांनी फेरारीला पुन्हा एकदा नमवले.

या विजयांनी खुद्द एन्झो फेरारीचे मन पालटले. आपली अजिंक्यपदाची गाडी परक्या पथकाच्या स्वाधीन करणे ज्याच्या स्वभावात नव्हते, त्या मानी पुरुषाने 1962 साली मॉससाठी वॉकरला फेरारी देण्याचे मान्य केले. लाल नव्हे, वॉकरच्या निळ्या रंगात. ती गाडी कधीच धावली नाही. 23 एप्रिल 1962 रोजी गुडवुड येथे, दुसऱ्या एका पथकाची लोटस चालवताना, मॉसला भीषण अपघात झाला. तो वाचला, परंतु त्याची अव्वल दर्जाची कारकीर्द संपली. वर्ष सरता सरता वॉकरच्या दैवाने आणखी दोन घाव घातले: नोव्हेंबरात मेक्सिकोत त्याची लोटस चालवताना वीस वर्षांचा रिकार्दो रॉड्रिगेझ गेला, आणि डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत, त्याच्याच गाडीच्या सरावात, मोटारसायकलींचा जगज्जेता गॅरी हॉकिंग गेला. धनी म्हणून जो आनंद मिळतो त्याचा जमाखर्च केवळ चषकांत मांडता येत नाही.

पथक तरीही मोडले नाही. स्वित्झर्लंडचा जो सिफर्ट हा नवा चालक कित्येक वर्षे निष्ठेने राहिला. 1968 च्या वसंतात वॉकरने नवी लोटस 49 घेतली. सिफर्टच्या हातून ती ब्रँड्स हॅचच्या सरावात आदळली, आणि दुरुस्तीसाठी उकलत असताना पेट्रोलच्या वाफेने पेट घेऊन अवघे गॅरेज भस्मसात झाले. त्या आगीत जुनी देलाज शर्यतगाडी गेली, कागदपत्रे गेली, वर्षानुवर्षे जमविलेला संग्रह गेला. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने तेथे थांबावे हे स्वाभाविक होते. वॉकरने आपला भागीदार जॅक डरलाकर याच्यासह दुसरी लोटस मिळवली. मिस्त्र्यांनी रात्रीचा दिवस करून ती ऐन शर्यतीच्या तोंडावर पुरी केली, आणि 20 जुलै 1968 रोजी, त्याच ब्रँड्स हॅचवर, सिफर्टने क्रिस एमनच्या फेरारीला 4.4 सेकंदांनी मागे टाकून ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. पथकाचा हा नववा आणि अखेरचा अजिंक्यपदीय विजय.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगी आहे. त्याच वर्षी गाड्यांच्या अंगावर व्यापारी जाहिराती झळकू लागल्या होत्या, खर्च वाढत होता, आणि 1970 साली निळ्या गाडीवर नाव आले ते ब्रुक बाँडचे, ज्याचा चहा आपल्याकडे घरोघरी उकळत होता. पाय मोडून उठलेला ग्रॅहम हिल त्या वर्षी वॉकरच्या पथकातून पुन्हा धावला. पुढे वॉकर जॉन सर्टीझच्या पथकास मिळाला आणि अखेरीस लेखणी हाती घेऊन शर्यतींविषयी लिहू लागला. लाकडाचा व्यापारी केन टिरेल याने 1970 मध्ये विकत घेतलेल्या मार्च गाडीने स्पेनची शर्यत जिंकवली खरी, पण त्याच वर्षी स्वतःची गाडीही गुपचूप बांधून घेतली. काळाची दिशा त्याने ओळखली होती. पुढे प्रत्येक पथकाने आपली गाडी आपणच रचावी असा नियमच झाला, आणि केवळ विकत घेऊन, निगा राखून, माणसे ओळखून जिंकणाऱ्या धन्याला त्या मैदानाचे दार बंद झाले. मला हे मोठे नुकसान वाटते.

आपल्या देशात या वृत्तीचे दर्शन घडले ते मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर, आणि कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांच्या कामात. गिरणीमालक घराण्यातल्या या गृहस्थाने मारुती 800 च्या इंजिनावर स्वस्त शर्यतगाडी घडवली आणि तिच्यातून तरुण चालकांची एक पिढी पुढे आली, नारायण कार्तिकेयन तिच्यातलाच. 1995 साली विमान अपघातात करिवर्धन गेले. नंतर 2008 मध्ये विजय मल्ल्या यांच्या मालकीने ‘फोर्स इंडिया’ हे भारताच्या नावाचे पथक आले. 2009 साली बेल्जियममध्ये त्याने शर्यतीत दुसरा क्रमांक मिळवला, 2016 आणि 2017 मध्ये मोठमोठ्या कारखानदार पथकांच्या रांगेत चौथे स्थान राखले, आणि 2018 च्या जुलैत धन्याची पत संपल्यामुळे ते प्रशासकाच्या ताब्यात गेले. सिल्व्हरस्टोनच्या त्या कारखान्यातल्या सुमारे चारशे माणसांनी मात्र काम सोडले नाही, आणि तेच पथक नव्या मालकाखाली उभे राहिले. धन्याच्या दोषाने कारागिराचे कसब कमी होत नाही, हे येथेही दिसले.

आल्फ फ्रान्सिसच्या मिस्त्रीगिरीच्या आठवणी पुस्तकरूपाने 1957 सालीच प्रसिद्ध झाल्या होत्या, म्हणून त्याचे हात आज आपल्याला दिसतात. शक्तिमान आणि जोंगा ज्यांच्या हातून गेल्या, ती जबलपूर, सिहोरा, मझौलीची माणसे आता वृद्ध झाली आहेत आणि त्यांच्या आठवणी कोणत्याही दफ्तरात नोंदलेल्या नाहीत. ज्यांच्या घरी असा एखादा आजोबा किंवा काका असेल, त्यांनी या हिवाळ्यात त्याच्यापाशी वही घेऊन बसावे, पहिला ट्रक कसा जुळला हे विचारावे, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून ठेवावे.