धुळ्याच्या तुरुंगाच्या दाराशी

गेल्या महिन्यात आम्ही जळगावहून धुळ्याला गेलो, ते आमच्या वस्तीतल्या एका मावशींना सोबत म्हणून. त्यांचा मुलगा धुळ्याच्या तुरुंगात कच्चा कैदी आहे, त्याची मुलाकात होती. एस.टी.ने एरंडोल सोडले, दोन्ही अंगांना कपाशी फुटलेली. पण मावशींचे लक्ष मांडीवरच्या पिशवीवर. पिशवीत दोन बनियन आणि साबणाची वडी.

पारोळ्याला चहा घेताना त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, मना पोऱ्याले एकलाच कोंडतीन का हो?”

जामिनावर सुटून आलेल्या कुणी तरी त्यांना सांगितले होते, की आत एकट्याला कोठडीत घालतात आणि माणूस भिंतीशी बोलू लागतो.

आम्ही कारकून माणूस, वकील नव्हे. पण समाजाच्या कामात कायद्याची पुस्तके चाळावी लागतात. ठाऊक होते तेवढे सांगितले. एकांतवासाची शिक्षा इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानातली. ती न्यायालयानेच, सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबर द्यायची. एका वेळी १४ दिवस आणि सगळी मिळून ३ महिने, याच्या वर नाही. मावशींच्या मुलाला तर अजून शिक्षाच झालेली नाही. ही तरतूद आता कालबाह्य झाली, काढून टाका, असे विधि आयोगाने १९७१ सालीच सुचवले होते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती कलम ११ आणि १२ म्हणून कायम आहे.

तुरुंगाचे अधिकारी आपल्या मर्जीने कोंडतात, त्याचे काय? इथे वाचकांनी सुनील बात्रा हे नाव लक्षात ठेवावे. तिहारमधला हा फाशीचा कैदी. १८९४ च्या तुरुंग कायद्याचा आधार घेऊन त्याला एकटे ठेवले होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की त्या कायद्याने असा अधिकार मिळत नाही. पुढे त्यानेच दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना साधे पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले! १९७९ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने बजावले, की कैद्याला शिक्षा म्हणून एकट्या कोठडीत टाकायचे तर सत्र न्यायाधीशांची नजर त्यावर हवी. तातडी असली तरी दोन दिवसांत त्यांना कळवलेच पाहिजे. मावशींनी “पत्र लिवलं?” असे दोनदा विचारले.

एकटे पाडणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना तुरुंगात न जाताही कळते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरच्या एका गावात आपल्या माणसांवर बहिष्कार पडला, तेव्हा १९२९ साली चौकशीला खुद्द बाबासाहेब आले होते. परतताना चाळीसगावला त्यांच्या टांग्याला अपघात झाला, तो प्रसंग पुष्कळांनी वाचला असेल.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि अमळनेरचे साने गुरुजी ते लिहून घेत. गीतेविषयी आमचे मत वाचकांना ठाऊक आहे. पण तिथे बोलणाऱ्याला ऐकणारे होते, म्हणून ते पुस्तक झाले.

मुलाकात थोडकीच झाली. मावशींनी मुलाला जेवणाचे विचारले नाही की वकिलाचे नाही. रात्री बराकीत सोबत कोण कोण असते, एवढेच विचारले. परतीच्या गाडीत त्या त्याने सांगितलेली नावे बोटांवर मोजीत होत्या. एक नाव विसरले, म्हणून पारोळ्यापर्यंत बेचैन होत्या.