क्षेमाची तार

‘तार आली’ हे शब्द कानी पडताच आमच्या पिढीच्या घरांत हातातली कामे थांबत. खुशालीसाठी पोस्टकार्ड होते; तार बहुधा अशुभाची. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली, तरी तिने रुजवलेली एक समजूत मनात टिकून राहिली : निरोप नाही, म्हणजे सारे ठीक. ही समजूत किती कच्ची आहे, ते मुनिरक्यातील आमच्या इमारतीच्या जिन्यातून केबल नेताना ध्यानात आले.

जिने झेपेनात म्हणून आईसाठी तळमजल्यावर खोली घेतली होती. मी तिसऱ्या मजल्यावर. रात्री मी खाली निजावे, हे तिला मान्य नव्हते. मोबाइल उशाशी असे. पण तोही हात पोचला तरच उपयोगाचा. साधी कळ आणि घंटा सहज बसवता आली असती. मात्र तार तुटली तर कळ मुकी आणि मी निर्धास्त!

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये रेल्वेसाठी हा पेच उलट्या बाजूने सोडवला होता. त्याने रुळांतून प्रवाह सतत वाहता ठेवला. गाडीची चाके त्या प्रवाहाला जवळची वाट करून देतात आणि सिग्नल धोका दाखवतो. रूळ तुटला, बॅटरी संपली, तरीही धोकाच. संकट कळवायचे नाही, क्षेम कळवत राहायचे. जुन्या मराठी पत्रांचा आरंभ कुशलाने होई, त्यामागेही हेच शहाणपण असावे.

तेव्हा आठ ट्रान्झिस्टर घेतले, सारे बीसी ५४७. तयार चिप स्वस्त मिळते, हे पुतण्याने दोनदा सुनावले. “काका, हा हट्ट कशाला?” हट्टच होता. ज्याच्या भरवशावर झोपायचे, त्याचा प्रत्येक सांधा मला पाहायचा होता.

दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने चालू-बंद होऊन सेकंदाला एक स्पंदन देतात. पुढच्या दोघांचे एमिटर एकत्र जोडलेले. त्यांच्या वाट्याला मिळून एकच प्रवाह. तो कधी याच्याकडून, कधी त्याच्याकडून वाहतो, म्हणून पीळ दिलेल्या दोन तारांवर नेहमी परस्परविरुद्ध पातळ्या असतात. मुनिरक्यात ही जोडी अगत्याची. पंपाची मोटर, इन्व्हर्टर, शेजारचा मिक्सर यांचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. वर बसलेली ट्रान्झिस्टरांची तिसरी जोडी केवळ फरक पाहते. सारखे ते वजा होते. गोंगाटाशी झगडावेच लागत नाही, हे मला आजही थोडे अद्भुत वाटते.

उरलेले दोन साधे. प्रत्येक स्पंदनाला सातवा एक कपॅसिटर रिकामा करतो. स्पंदन चुकले की कपॅसिटर भरत जातो आणि चारेक सेकंदांत आठवा घंटा वाजवतो. वरची बाजू बॅटरीवर. आईची कळ स्पंदन थांबवते, एवढेच तिचे काम. कळ दाबली, केबल तुटली, खालची वीज गेली : तिन्हींना उत्तर एकच, खाली जा.

विजेसाठी किती वेळा उतरलो, त्याची गणती ठेवली नाही. पावसाळ्यात एकदा अडीच वाजता घंटा झाली. धावत उतरलो, किल्लीने दार उघडले. आई शांत झोपली होती, दिवा लागताच म्हणाली, “काय रे, तुला बरं वाटत नाही का?”

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर उंदराने केबल कुरतडली होती. सकाळी तेवढा तुकडा कापून नवा जोडला.